चार व्होल्टांचा खादाड

भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या झोतभट्टीचं सगळं जगजाहीर. ज्वाळा, धूर, धगधगता रस. १९५९ साली पहिल्या भट्टीच्या उद्‌घाटनाला खुद्द राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद. तिचा एक अबोल चुलतभाऊ छत्तीसगडातच, कोरब्याला राहतो: बाल्कोच्या ॲल्युमिनिअम कारखान्यातला पॉट. भिलाईसारखाच तो कारखानाही सोव्हिएत मदतीने उभा राहिला.

दिसायला कार्बनचं अस्तर लावलेली लांबट पोलादी पेटी. काम मात्र झोतभट्टीला न जमणारं. झोतभट्टीत कोक लोहखनिजातला ऑक्सिजन हिसकावतो. ॲल्युमिनिअमने धरलेला ऑक्सिजन त्याला दाद देत नाही. तिथे वीजच लागते. ॲल्युमिना, म्हणजे ऑक्सिजनशी बांधलेलं ॲल्युमिनिअम, नुसती वितळवायची तर २००० अंशांच्या वर जावं लागतं, म्हणून पॉट तिला क्रायोलाइट या खनिजाच्या सुमारे ९५० अंशांच्या रसात विरघळवतो. वरून कार्बनचा धनाग्र बुडवलेला. ऑक्सिजन त्याच्याकडे धावतो, त्यालाच खातो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. धातू ऋणाग्राशी, म्हणजे तळाला, साचतो.

विजेचा दाब ऐकून हसू येतं: ४ ते ४.५ व्होल्ट, टॉर्चमधल्या तीन सेलांइतका. पण प्रवाह हजारो, नव्या पॉटांत तर लाखो अँपिअरचा, आणि असे शेकडो पॉट एका माळेत. किलोभर धातूमागे १४-१५ युनिटं जातात. जवळ गेलात तर चुंबकत्वाने चावीचं घड्याळ अडून बसतं.

याचा स्वभाव भुकेच्या वेळी पाहावा. ॲल्युमिना कमी पडली की धनाग्राखाली वायूचा थर धरतो आणि दाब उसळून ३०-४० व्होल्टांवर जातो. जुन्या पद्धतीत कामगार तेव्हा ओलं लाकूड रसात खुपसत. त्यातून फुटणारी वाफ तो थर मोडते. एवढ्या महागड्या यंत्रणेला ओल्या लाकडाचा धाक असावा, हे मला फार आवडतं. वीज मात्र काही तास गेली तर सगळे उपाय संपले; रस आतल्या आत गोठतो. कोळशाच्या खाणींशेजारी, वीजकेंद्रांच्या गराड्यात याने घर केलं ते उगाच नाही.

इतक्या कष्टाने सोडवलेला हा धातू पोलादाच्या रसात टाकला, की लगेच ऑक्सिजनला जाऊन चिकटतो. पोलादवाल्यांना तेच हवं असतं; जाड पत्र्यांच्या पोलादातला विरघळलेला ऑक्सिजन तो टिपून घेतो. भिलाईत बनणाऱ्या रुळांना मात्र त्याची मदत परवडत नाही. ॲल्युमिनाचे कडक कण मागे राहतात आणि चाकांच्या माऱ्याखाली भेग तिथूनच सुरू होते. म्हणून रेल्वेच्या मानकाने ॲल्युमिनिअमवर कडक मर्यादा घातली आहे, आणि रुळांच्या पोलादातला ऑक्सिजन काढायचं काम मुख्यतः सिलिकॉनकडे असतं.