हळद, चुना आणि एक प्रश्न

मी कलाशाखेचा पदवीधर; रसायनशास्त्राशी माझा संबंध सोलकढीपुरताच. शास्त्रशिक्षक रजेवर गेले आणि त्यांचा तास माझ्याकडे आला. "आम्ल प्रोटॉन देते, आम्लारी तो घेते," एवढे वाचून दाखवून मी मोकळा झालो. तोच एका मुलीने विचारले, "गुरुजी, देऊन झाल्यावर आम्लाचे काय उरते?"

"काही नाही, ते संपले," मी ठोकून दिले. ती निमूट बसली. मला मात्र रात्री झोप लागेना.

घरी हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी घातली. पिवळे पाणी तांबडे झाले. चिंचेचा कोळ घालताच पुन्हा पिवळे! (तलमडुगूत चिंचेला तोटा नाही, आमसुले तेवढी माझ्या गावाहून येतात.) १९२३ साली डेन्मार्कचे ब्रॉन्स्टेड व इंग्लंडचे लाउरी यांनी स्वतंत्रपणे मांडलेला विचार तेव्हा कोठे उमगला. हळदीतील रंगद्रव्य प्रोटॉन देते, पण नाहीसे होत नाही. मागे उरते ती त्याची तांबडी संयुग्मी आम्लारी, आणि चिंचेच्या आम्लाने देऊ केलेला प्रोटॉन ती परत घेते. चुन्यातील हायड्रॉक्साइड प्रोटॉन घेऊन पाणी होते. पाणी हे त्याचे संयुग्मी आम्ल. आम्ल जितके तीव्र, तितकी त्याची संयुग्मी आम्लारी दुर्बळ.

दुसऱ्या दिवशी दोन पेले घेऊन वर्गात गेलो. "काल मी चुकीचे सांगितले," हे पहिलेच वाक्य घशात अडखळले. कोणी हसले नाही. त्या मुलीने स्वतः चिंच पिळली, रंग पाहिला आणि विचारले, "मग पाणी आम्ल की आम्लारी?"

"दोन्ही," मी म्हणालो. पण या खेपेस पुस्तक उघडून, खात्री करून घेतल्यावरच.