आकड्याआधी छेद

पारंपरिक पशुवैद्यकातल्या गवतांवरचा अलीकडचा कुठलाही शोधनिबंध उघडा, त्यात एक आकडा हमखास सापडतो. वाळलेल्या गवताचा मेथेनॉलमध्ये काढलेला अर्क डीपीपीएच नावाच्या जांभळ्या द्रावणात टाकायचा, रंग पिवळ्याकडे किती झुकला ते ५१७ नॅनोमीटरवर मोजायचे आणि ‘उत्तम अँटिऑक्सिडंट’ असा शेरा मारून मोकळे व्हायचे. चाचणी खोटी नाही. स्वस्त आहे, झटपट होते, म्हणूनच लोकप्रिय आहे. पण डीपीपीएच कुठल्याही गाईच्या अंगात नसते. शिवाय ज्या गवताचा हा आकडा, ते नेमके कोणते आणि त्याचा कोणता भाग घेतला, हे बहुधा एका ओळीत उरकलेले असते. गवतांची शरीररचना हा माझा विषय असल्याने मला हा क्रमच उलटा वाटतो. आधी पानाचा आडवा छेद, मग आकडा.

ओळख पटवण्याचा प्रश्न किरकोळ नाही. पालकाप्याच्या नावावरचा, हत्तींच्या वैद्यकावरचा ‘हस्त्यायुर्वेद’ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली छापला. अशा ग्रंथांतून औषधींची नावे मिळतात, पण चेहरा मिळत नाही. तृणपंचमूळ या पाच गवतांच्या मुळांच्या गटातले कुश आणि दर्भच घ्या. डेस्मोस्टॅकिया आणि इम्पेराटा ही दोन वेगळ्या उपकुळांतली गवते या दोन नावांखाली सर्रास अदलाबदल होऊन विकली जातात. उभ्या गवताचा तुरा पाहून ती कुणालाही वेगळी करता येतील. कुटलेल्या मुळ्या-पात्यांच्या पुडीत तुरा कुठून असणार? तिथे पानाच्या बाह्यत्वचेतले सिलिकाचे सूक्ष्म कण कामी येतात. डेस्मोस्टॅकियात ते खोगिरासारखे असतात, इम्पेराटात डंबेलसारखे. गवत उकळा, जाळा, राख करा, कण टिकून राहतात. डीएनए तपासणीच्या जमान्यात सूक्ष्मदर्शक कशाला, असे कोणी विचारील. डीएनए जात सांगतो, पण पुडीत पान किती, खोड किती आणि मूळ किती हे तो सांगत नाही. आणि उकळलेल्या मालात त्याचे तुकडे झालेले असतात.

खरा मुद्दा त्यापुढचा आहे. कोणते द्रव्य पेशीत कुठे बसले आहे, यावर ते बाहेर कसे येणार हे ठरते. हरळीच्या पानाचा छेद पाहा. वरच्या अंगाला फुगीर पेशींचे पट्टे, ज्यांतले पाणी कमी झाले की पाते मिटते. प्रत्येक शिरेभोवती हरितलवकांनी गच्च भरलेल्या मोठ्या पेशींचे कडे आणि त्याच्या आत जाड भिंतींचे दुसरे, चिवट कडे. हाच छेद अतिनील प्रकाशात धरला की पेशीभित्ती निळ्या चमकतात आणि अमोनियाचा थेंब लागताच हिरव्या होतात. ही फेरुलिक आम्लाची खूण. गवतांमधल्या फिनॉलिक द्रव्यांचा मोठा वाटा असा भिंतीतल्या शर्करासाखळ्यांना रासायनिक बंधाने जखडलेला असतो. साध्या मेथेनॉलमध्ये तो सुटत नाही, त्याला अल्कली लागते. म्हणजे आकडा आला तो पेशीरसातल्या फ्लेव्होनॉइडांचा. भिंतीतला साठा मोजलाच गेला नाही. गवती चहाची गोष्ट आणखी निराळी. त्याचे सिट्रल पानातल्या मोजक्या तैलपेशींत साठते आणि डीपीपीएचच्या परीक्षेत ते फिनॉलांच्या मानाने फारच मागे पडते. म्हणून गवती चहा कुचकामी ठरतो का? ज्याचा वास माश्या-गोचिडांसाठी वापरायचा, त्याला या परीक्षेला बसवलेच कशाला!

यावर पशुवैद्यक मित्रांचा आक्षेप रास्त असतो. द्रव्य भिंतीत असो वा रसात, गाईच्या कोटीपोटात गेल्यावर त्याचे काय उरते? तिथे प्राणवायू जवळजवळ नसतो आणि सूक्ष्मजंतू फ्लेव्होनॉइडांची कडी फोडून टाकतात. मान्य. पण याच सूक्ष्मजंतूंकडे फेरुलिक आम्लाचे बंध तोडणारी विकरेही आहेत. प्रयोगशाळेतल्या बाटलीत जे अडकून राहिले, ते रवंथ करणाऱ्या जनावरात सुटू शकते. सुटलेल्यातले किती रक्तात पोचते, हा पुढचा आणि अवघड प्रश्न. जखमेवर लावलेल्या हरळीच्या लगद्याला मात्र कोटीपोट आडवे येत नाही. पोटातून दिलेल्या आणि बाहेरून लावलेल्या औषधाला एकच आकडा चिकटवणे म्हणूनच मला पटत नाही.

आजोबा-पणजोबांनी आकडे न पाहता गुरे बरी केली, त्यांचे काय? त्यांच्या निरीक्षणाबद्दल मला आदर आहे, पण ते बांधावरचे ताजे गवत उपटून देत, पुडी फोडून नव्हे. हा फरक पेशीत दिसतो. ई जीवनसत्त्व आणि बीटा कॅरोटीन पानाच्या हरितलवकांत असतात, खोडात फार थोडी. आणि गवत उन्हात वाळवले की ती झपाट्याने घटतात. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम कमी पडलेल्या गाईंना ही दोन्ही विण्याआधी दिली तर वार अडकण्याचे प्रमाण घटू शकते, हे जनावरांवरच्या प्रयोगांतून दिसले आहे. अँटिऑक्सिडंटांचा जनावराला फायदा होतो, असे म्हणण्याला आधार आहे तो असा, मात्रा आणि परिणाम दोन्ही मोजलेला. हिरव्या हरळीच्या गुणातला काही भाग या साध्या जीवनसत्त्वांचाच असेल, अशी मला दाट शंका आहे. अर्थात ताजे ते सगळे निर्धोक नव्हे. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांनी किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही, आणि ज्वारी हेही गवतच. तेव्हा हरळीची परीक्षा घ्यायची तर ताजे पान, वाळलेले पान आणि खोड वेगवेगळे घ्यावे, प्रत्येकाचा छेद छापावा, अर्क कोटीपोटातल्या द्रवात मुरवून मग मोजावा आणि शेवटी गाईच्या रक्तातले ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे अँटिऑक्सिडंट विकर तपासावे. यात अर्ध्या तासाऐवजी दोन वर्षे जातील.