खांबाला घातलेले बूट

"तू इंजिनिअर होणार ना? मग सांग काय करायचं ते!"

2023 च्या मे महिन्यात काकाने हा प्रश्न टाकला आणि माझी कॉलर ताठ झाली. सेकंड इयर संपत आलं होतं, काँक्रीटचे ग्रेड तोंडपाठ होते. समोर होतं राजापूर तालुक्यातलं आमचं जुनं घर. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, शेणाने सारवलेली जमीन आणि ओटीवर फणसाचे चार खांब. काकाला तिथे होमस्टे काढायचं होतं. कुठल्याशा मासिकात त्याने परदेशातल्या ओंडक्यांच्या केबिनचे फोटो पाहिले होते. बाहेरून जुनं लाकूड, आत पिवळे दिवे आणि चकचकीत बाथरूम. "आपल्याकडे तर असलं घर आयतं आहे, फक्त मॉडर्न करायचं," असं त्याचं म्हणणं. त्यासाठी त्याने कर्जही काढलं.

माझ्या काही सूचना चांगल्या होत्या, हे आधीच सांगून टाकतो. बाथरूम जुन्या भिंतीला न चिकटवता मागे वेगळं बांधलं. वायरिंगसाठी भिंती फोडल्या नाहीत. अंधाऱ्या माजघरावर चार काचेची कौलं बसवली आणि भरदुपारी लागणारा दिवा बंद झाला. पण एवढ्यावर थांबलो तर मी इंजिनिअर कसला! जमिनीवर व्हिट्रिफाइड टाइल्स, भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि 'मजबुती'साठी चारही खांबांच्या पायथ्याशी दीड फूट उंचीचं काँक्रीट.

आजी म्हणाली, "अरे, खांब तळखड्यावर उभा केलाय तो उगाच नाही." मी हसून सोडून दिलं. आपल्या पुस्तकात तळखडा नव्हता ना!

पहिला पावसाळा कसाबसा गेला. दुसऱ्यात भिंतींचा रंग फुगला, पापुद्रे पडू लागले, खोल्यांत कुबट वास. पाहुणे एक रात्र राहून निघून जायचे. 2024 च्या गणपतीत आरतीसाठी ओटी भरली होती. मी खांबाला टेकलो, तर काँक्रीटच्या काठाशी लाकूड बोटाने दाबलं गेलं. टाळ्या वाजवायच्या विसरून मी वर तुळईकडे बघत राहिलो. त्याच खांबाशेजारी आजीची खाट होती.

खाट त्याच रात्री आत हलवली. दुसऱ्या दिवशी गावातले सुतारकाका आले. काँक्रीट फोडल्यावर आत ओला भुगा आणि वाळवी. ते मला एवढंच म्हणाले, "साहेब, लाकडाला बूट घातलेत, पण पाणी कुठून जाणार ते नाही बघितलंत."

मग मी वाचायला बसलो, यावेळी परीक्षेसाठी नव्हे. जांभा सच्छिद्र दगड. ताजा असताना कापता येतो, हवा लागली की कठीण होतो. म्हणूनच 1807 मध्ये फ्रान्सिस बुकानन याने त्याला लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून 'लॅटेराइट' नाव दिलं. तो पाणी पितो आणि उघडीप मिळाली की सोडतो. चुन्याच्या गिलाव्यातून ही वाफ निघून जाते, सिमेंटच्या दाट थरामागे ती कोंडते. टाइल्सखाली अडलेली जमिनीची ओलही भिंतीकडे वळते.

गंमत म्हणजे काकाच्या त्या केबिनचाही धडा हाच निघाला. 1638 मध्ये अमेरिकेत वसाहत करणाऱ्या स्वीडिश-फिनिश लोकांनी ओंडक्यांची घरं बांधायची रीत तिकडे नेली. ती घरं टिकवायची तर सगळ्यात खालचा ओंडका दगडावर, जमिनीपासून वर हवा आणि छपराच्या वळचणी रुंद हव्यात. जुन्या केबिन 'नीट' करताना ओंडक्यांमधल्या फटी सिमेंटने बुजवल्या की तिथे पाणी साठून लाकूड कुजतं. म्हणजे माझी चूक साता समुद्रापार आधीच करून झाली होती, आणि मी ती नव्याने केली!

दिवाळीच्या सुट्टीत दुरुस्ती झाली. तुळईला जॅकचा टेकू देऊन खांबांचे कुजके पाय कापले, ऐनाच्या लाकडाचे तुकडे सांध्यात बसवले आणि खांब पुन्हा तळखड्यावर उभे राहिले. गिलावा खरवडून चुना लावला. टाइल्स मात्र तशाच आहेत, त्यांच्यासाठी पैसे उरले नाहीत. काका मला एका शब्दानेही बोलला नाही. हप्ते मात्र तोच भरतोय. बोलला असता तर बरं झालं असतं.

कॅम्पसमध्ये 'रेट्रोफिटिंग'वर सेमिनार होतात, आपण सर्टिफिकेटसाठी जातो. मित्रांनो, जुन्या घराला हात लावाल तेव्हा मजबुतीचा हिशोब मांडण्याआधी एक प्रश्न विचारा: इथलं पाणी आजवर कुठून जात होतं? उत्तर पुस्तकात नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. आणि त्यांनी सांगितलं तर हसू नका.

आजीची खाट पुन्हा ओटीवर आली आहे. सुट्टीला गेलो की मी रोज सकाळी चारही खांब दाबून बघतो. ती विचारते, "काय रे, पास झाले का?"