हात कुठे आहे

घरच्या फ्लाइट सिम्युलेटरवर विमान वळवायचे जे हँडल, त्या योकच्या मागे, प्लायवुडच्या खोक्यातल्या अंधारात, एक पॉट बसलेला असतो. पोटेंशियोमीटर हे त्याचे कागदोपत्री नाव. पुण्याच्या तपकीर गल्लीत ते पूर्ण कुणी घेत नाही. ‘दहा केचा पॉट द्या’ म्हटले की काउंटरवर टपकन ती वस्तू येते. तीन पाय, एक दांडी, आणि पत्र्याच्या टोपीखाली कार्बनचा काळा पट्टा, वर्तुळ पुरे व्हायच्या आत थांबलेला. त्या पट्ट्यावरून धातूची एक नाजूक जीभ फिरते. पट्ट्याच्या एका टोकाला पाच व्होल्ट, दुसऱ्या टोकाला शून्य, आणि जीभ जिथे टेकली असेल तिथले व्होल्टेज ती मधल्या पायातून बाहेर सांगते. रात्रीच्या खोलीत, पंख्याच्या घरघरीत, मी योक किंचित उजवीकडे वळवतो. दांडी वळते, जीभ केसभर सरकते, आणि पडद्यावरच्या कोवळ्या उन्हात, लोहगावच्या 10 क्रमांकाच्या धावपट्टीवरून नुकतेच उठलेले सेस्ना 172 आपला उजवा पंख मुळा-मुठेच्या बाजूला हलकेच झुकवते.

एवढेच घडते.

हा पॉट आपल्या सगळ्यांच्या बोटांना ओळखीचा आहे. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे तोच असे. पहाटे, घर अर्धवट झोपेत असताना, कुणीतरी ते बटण हळूच फिरवायचे आणि गाण्याच्या आधी एक खरखर यायची. ती स्टेशनाची नसे, पट्ट्यावर साचलेल्या धुळीची असे. पण रेडिओचा पॉट आणि योकचा पॉट यांचा स्वभाव वेगळा. कानाला आवाज दुप्पट वाटावा म्हणून ताकद दुपटीहून पुष्कळ वाढवावी लागते, म्हणून आवाजाच्या पॉटचा पट्टा मुद्दाम असमान केलेला. हल्ली बहुधा त्याच्यावर ‘ए’ छापलेला असतो. योकला लागतो ‘बी’, सरळ चालीचा. हाताला लाड नको असतात. जेवढे वळलो तेवढेच दिसावे, एवढीच त्याची मागणी.

आणि पोटेंशियोमीटर याच नावाची आणखी एक वस्तू बारावीच्या प्रयोगशाळेत होती. लाकडी फळीवर मागे-पुढे ताणलेली लांबच लांब तार, हातात जॉकी, समोर गॅल्व्हानोमीटर. जर्मन शास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ यांनी 1841 साली ही युक्ती काढली. तारेवर जॉकी टेकवत टेकवत जायचे. काटा डावीकडे झेपावतो, पुढे उजवीकडे झेपावतो, आणि मधे कुठेतरी एक बिंदू असा सापडतो की काटा हलतच नाही. त्या क्षणी मोजायच्या विद्युतघटातून काहीच प्रवाह वाहत नसतो. त्याच्याकडून कणभरही न घेता त्याचे बळ कळलेले असते. दुपारच्या कंटाळवाण्या प्रॅक्टिकलमध्ये, जर्नल पुरे करायच्या घाईत, हे किती सुंदर आहे ते कुणी सांगितले नाही. सांगितले असते तरी तेव्हा ऐकले कुणी असते!

योकच्या पॉटला मात्र असा शांत बिंदू मिळत नाही. मधल्या पायाची वायर अर्डुइनोसारख्या छोट्या बोर्डात जाते, आणि तो बोर्ड पाच व्होल्टचे 1024 तुकडे करून दर क्षणी एक आकडा देतो, 0 ते 1023 मधला. पॉट एकूण सुमारे 300 अंश फिरतो, योक दोन्ही बाजूंना मिळून 180. म्हणजे थेट जोडला तर सहाशेच्या आसपास पायऱ्या हाती लागतात आणि बाकीचा पट्टा कधीच न चाललेल्या वाटेसारखा कोरा राहतो. दातेरी पट्टा आणि दोन चाके घालून तो कोरा भागही वापरता येतो. पण पायऱ्या कितीही वाढवा, योक मधोमध सोडून पाहिले की आकडा 511 म्हणतो, मग 513, मग 512, मग पुन्हा 511. कुणीही हात लावलेला नसतो. यूएसबीतून येणारी वीज थरथरते, कार्बनचे कण थरथरतात, आणि दूर क्षितिजाकडे तोंड करून चाललेले विमान उगाच शहारते.

मग उपाय होतात. मधला पाय आणि शून्य यांच्यामध्ये 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पाठोपाठच्या वाचनांची सरासरी. ती जास्त केली तर विमान हाताच्या मागे रेंगाळू लागते. आणि शेवटी डेडझोन: मध्यापासून इतके इकडे-तिकडे झाले तर झाले नाही असे समजावे. इथे मला नेहमी थोडे हसू येते. स्थिरता मोजून सापडली नाही, म्हणून आपण ती जाहीर केली.

नाक वर-खाली करण्यासाठी योक आत-बाहेर सरकतो, आणि पॉटला तर फक्त गोल फिरता येते. म्हणून मासेमारीचा नायलॉन दोर दांडीवरच्या कप्पीभोवती गुंडाळायचा. पंधरा सेंटिमीटरची ये-जा पॉटच्या 300 अंशांत बसवायची तर कप्पीचा व्यास पावणेसहा सेंटिमीटर हवा. कागदावर हा हिशेब जमतो आणि दोर पहिल्यांदा न घसरता सरकतो, तेव्हाचा आनंद उड्डाणाच्या आनंदाहून कमी नाही, हे मी बिनदिक्कत सांगतो.

पण पॉट जागा सांगतो. जोर सांगत नाही. खऱ्या सेस्नात योकपासून पंखांपर्यंत आणि शेपटीपर्यंत पोलादी दोर आणि कप्प्या गेलेल्या असतात, आणि त्याच दोरांवरून वारा उलट हातापर्यंत येतो. वेग वाढला की योक घट्ट होतो, वेग ढळला की तो मऊ, पोकळ, जवळजवळ अनोळखी होतो. माझ्या योकची स्प्रिंग 50 नॉटलाही तेच बोलते आणि 110 नॉटलाही तेच. सगळ्यात जास्त हे जाणवते ट्रिम करताना. आकाशात नाक वर धरून हात थकतो, तेव्हा वैमानिक ट्रिमचे चाक फिरवतो आणि हात जिथे आहे तिथेच त्याच्यावरचा भार विरघळतो. घरी तसे होत नाही. ट्रिम फिरवता फिरवता योक हळूहळू स्प्रिंगच्या मध्याकडे सैल सोडावा लागतो. तिथे विसावा हाताकडे येतो. इथे हाताला विसाव्याकडे जावे लागते.

एडविन लिंक यांनी 1929 मध्ये अमेरिकेत बिंगहॅम्टनला जमिनीवरच उड्डाण शिकवणारा आपला ट्रेनर बांधला, तो वडिलांच्या पियानो-ऑर्गनच्या कारखान्यातल्या भात्यांवर. ऑर्गनचे भाते फुगत, मिटत आणि लाकडी विमान डोलत असे. निदान हवा तरी खरी होती.

आता पॉटच्या जागी हॉल सेन्सर आले आहेत. दांडीला चुंबक, जवळ चिप, मधे स्पर्शच नाही; त्यामुळे झीज नाही, खरखर नाही. कार्बनचा पट्टा मात्र मधोमधच आधी झिजतो, कारण विमान बहुतेक वेळ सरळच जात असते. हिशेबाने हॉल सेन्सर बरा, यात वाद नाही. माझा पॉट झिजला की मीही तोच बसवणार आहे.

तुमच्याकडे असा योक असेल तर एकदा विमान सुरूच करू नका. स्प्रिंग काढून ठेवा, पडद्यावर फक्त पॉटचे आकडे वाहू द्या, डोळे मिटून योक मधोमध आणा आणि मग डोळे उघडा. 512 आला तर मला जरूर कळवा.