वाटीची झीज, हाडाची पोकळी

खुब्याचा कृत्रिम सांधा, म्हणजे मांडीच्या हाडात रोवलेला धातूचा दांडा, त्याच्या टोकावरचा गोळा आणि तो गोळा जिच्यात फिरतो ती वाटी, बहुधा मोडून निकामी होत नाही. घर्षणाने वाटीतून सुटणारा चुरा आणि त्या चुऱ्याशी शरीराने मांडलेला लढा यांमुळे तो वर्षानुवर्षे हळूहळू सैल होत जातो.

इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी 1958च्या सुमारास टेफ्लॉनच्या वाट्या वापरायला सुरुवात केली, कारण त्या पदार्थाइतका घसरणारा पदार्थ दुसरा नव्हता. मात्र अवघ्या दोन-तीन वर्षांत गोळे वाट्यांत रुतू लागले आणि सांध्याभोवती चुऱ्याच्या गाठी धरू लागल्या. शेकडो रुग्णांचे सांधे पुन्हा उघडावे लागण्याची वेळ आलेल्या या शल्यविशारदाने टेफ्लॉन आणि पॉलिइथिलीन या दोन्हींचे नमुने स्वतःच्याच मांडीत घालून पाहिले. टेफ्लॉनच्या जागी गाठी हाताला लागल्या, पॉलिइथिलीनच्या जागी जवळजवळ काहीच लागले नाही. नोव्हेंबर 1962पासून अतिदीर्घ रेणुसाखळ्यांच्या पॉलिइथिलीनची वाटी वापरात आली, आणि ते प्लास्टिक सुधारित रूपात आजही टिकून आहे.

या प्लास्टिकची झीज वर्षाला सुमारे 0.1 मिलिमीटर, म्हणजे वरवर पाहता नगण्य. पण सुटलेल्या चुऱ्याचे घनफळ गोळ्याच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून तेवढ्याच झिजेतून चार्नलींच्या 22 मिलिमीटरच्या गोळ्याखाली वर्षाला सुमारे 39, तर 32 मिलिमीटरच्या गोळ्याखाली सुमारे 80 घनमिलिमीटर चुरा पडतो. त्यातले मायक्रोमीटरहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून, लहान कण सर्वांत घातक ठरतात. शरीरातल्या भक्षक पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. चिडलेल्या या पेशी जी रसायने सोडतात त्यांनी हाड कुरतडणाऱ्या पेशींना चेव येतो, आणि दांड्याच्या किंवा वाटीच्या आधाराचे हाड विरघळून तिथे पोकळी पडते. एके काळी याचा सारा दोष सांधा बसवण्याच्या सिमेंटवर ठेवला गेला होता. सिमेंटविना बसवलेल्या सांध्यांभोवतीही तशाच पोकळ्या दिसू लागल्या तेव्हा तो आरोप गळून पडला.

किरणोत्साराने रेणुसाखळ्या एकमेकींत गुंफलेले पॉलिइथिलीन 1990च्या दशकाअखेर आले आणि झीज कितीतरी घटली. हा खरा विजय होता. उलट प्लास्टिक टाळण्यासाठी धातूवर धातू फिरवण्याचा मार्ग महागात पडला: एएसआर नावाचा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा ऑगस्ट 2010मध्ये जगभरातून परत मागवला गेला, आणि ज्यांच्या रक्तात कोबाल्ट चढले, सांध्याभोवतीच्या ऊती सडल्या, त्यांत भारतातले रुग्णही होते.

भारतात रक्तपुरवठा तुटून खुब्याचा गोळा निकामी झालेले रुग्ण पुष्कळदा तिशी-चाळिशीतले असतात, त्यामुळे त्यांच्या वाटीला अधिक पावले आणि अधिक वर्षे सोसावी लागतात. शिवाय उकिडवे बसताना दांड्याची मान वाटीच्या कडेवर आपटली, तर ती कडही झिजते. सर्वांत चिंतेची बाब ही की हाडातली पोकळी बराच काळ दुखत नाही. दुखू लागते तेव्हा अनेकदा दुसऱ्या शस्त्रक्रियेत नवा दांडा धरायला पुरेसे हाड उरलेले नसते. क्ष-किरणचित्रात गोळा वाटीच्या मध्यावरून वर सरकलेला दिसणे ही झिजेची पहिली खूण असते, आणि एक-दोन मिलिमीटरचे ते सरकणे नेमके ओळखायचे तर पहिल्या शस्त्रक्रियेनंतर लगेच काढलेले चित्र शेजारी ठेवावे लागते.