चौदा ऑक्टोबरच्या आधी

मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५
सहामाहीचे गुण भरायचे आहेत आणि शाळेच्या ऑफिसातला डेस्कटॉप सुरू होईपर्यंत चहा होऊन जातो. शिपाईमामा म्हणाले, "सर, घाला आता भंगारात." टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर निवांत, मेमरी अर्धीअधिक मोकळी, डिस्क मात्र १०० टक्के. म्हणजे दमली आहे ती हार्ड डिस्क. तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, पण विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फायली लागतात. भरल्या बाजारात एकेका जिनसासाठी एकाच माणसाला पळवावं, तशी तिची गत होते.

स्टार्टअपमधले नको ते प्रोग्राम बंद केले, दोनपैकी एक अँटीव्हायरस काढला. वेग वाढवून देतो म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं मी कुणालाच बसवू देत नाही. तीच पुढे स्टार्टअपमध्ये ठाण मांडतात.

गुरुवार, ९ ऑक्टोबर
कॅबिनेट उघडलं. पाथर्डीची धूळ फॅनच्या पात्यांवर पापुद्र्यासारखी चिकटली होती. पातं बोटानं धरून ब्लोअर मारला, हीटसिंकच्या फटी ब्रशनं मोकळ्या केल्या. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेलही संपलेला निघाला. वीज गेली की तारीख मागं का जायची, ते कळलं. तारीख चुकली की ब्राउझर सुरक्षित साइटही उघडू देत नाही, आणि आपण नेटला दोष देत बसतो.

शनिवार, ११ ऑक्टोबर
नगरहून २५६ जीबीची साटा एसएसडी आणि डीडीआर३ रॅमची ४ जीबीची पट्टी आणली. आधी बॅकअप, मगच क्लोनिंग. जुने दाखले आणि निकालपत्रकं युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये टाइप केलेली आहेत. नुसत्या फायली कॉपी करून भागत नाही, फाँटही सोबत हवेत. नाहीतर दाखल्यावरचं मुलाचं नाव कुणालाच वाचता येणार नाही. या कामाला मी सगळ्यात जास्त वेळ दिला, आणि तो द्यायलाच हवा.

संध्याकाळी चालू केलं, तर अर्ध्या मिनिटात डेस्कटॉप समोर. मामा बघतच राहिले.

मंगळवार, १४ ऑक्टोबर
आज मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा मोफत आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आमच्या संगणक कक्षातली मशीनं चौथ्या पिढीची. एवढ्यावरून चालती यंत्रं मुलांपुढून उचलायची, हे मला मान्य नाही. एकावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकली. ४ जीबी रॅमवर नीट चालते. लिबर ऑफिस आहे, जिओजेब्रा बसलं, इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर मराठीही उमटली. आठवीच्या मुलींनी लगेच आपापल्या गावांची नावं टाइप केली.

दिवाळीची सुट्टी लागायच्या आत उरलेली मशीनं उघडायची आहेत. एकाचा मदरबोर्ड गेलाय, पण त्याची रॅम शेजारच्याला बसेल.