सुट्टे आहेत का जी?

जुलैमध्ये बँकॉकहून चुलतभावाचा मेसेज आला. तिथल्या राजाचा वाढदिवस २८ जुलैला. त्याचा जन्म सोमवारचा आणि थायलंडमध्ये सोमवारचा रंग पिवळा, त्यामुळे ऑफिसात सगळे पिवळे शर्ट घालून येणार. 'मीपण घालू का? की ढोंग वाटेल?' मी एक स्मायली टाकून विषय मिटवला. आपल्याला काय, आपले राजे जाऊन जमाना झाला!

महिन्याभरात तोच प्रश्न माझ्या पुढ्यात येऊन उभा राहिला. उमरेडला. चाकं लावलेल्या लाकडी बैलाच्या रूपात.

उमरेड नागपूरपासून पंचेचाळीसेक किलोमीटरवर. पुण्या-मुंबईकडच्या मंडळींना हे नाव माहीत असतं ते कऱ्हांडल्याच्या वाघांमुळे. ('जय' आठवतो? २०१३ मध्ये नागझिऱ्याहून चालत आलेला आणि २०१६ मध्ये बेपत्ता झालेला. म्हणजे गावाचा सगळ्यात मोठा सेलिब्रिटी बाहेरगावचाच!) पण पावसाळ्यात सफारी बंद, आणि नॅरोगेजची ती गोड गाडीही २०१९ मध्ये थांबली. मग ऑगस्टात उमरेडला कशाला जायचं? तर ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "पोळ्याला चल. आणि एक दिवस जास्त राहा, खरी मजा दुसऱ्या दिवशी असते."

२२ ऑगस्ट २०२५, पोळा. रंगवलेली शिंगं, झुली, गर्दी, पुरणपोळी. हे सगळं फोटोंत पाहिलेलं असतं, त्यामुळे पुढे जाते. कारण मैत्रिणीचं म्हणणं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या आजीने उठवलं. घर जुन्या वस्तीतलं. आदल्या दिवशी दाराशी ठेवलेल्या पळसाच्या फांद्या उचलून लोक गावाबाहेर निघाले होते. रोगराई, इडापिडा सगळी मारबतीबरोबर जाऊ दे, असं ओरडत. आजीने एक फांदी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "वरड नं बाप्पा!"

मी ओरडले नाही. तोंडच उघडेना. डोक्यात आदल्या रात्री ऐकलेली नागपूरची गोष्ट घोळत होती. नागपुरात याच दिवशी काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची मोठी मिरवणूक निघते. पिवळी १८८५ पासून निघते, काळी त्याच्याही आधीची सांगतात. काळी मारबत म्हणजे बाकाबाई, दुसऱ्या रघुजी भोसल्यांची राणी, इंग्रजांना सामील झाली म्हणून दरवर्षी जाळली जाणारी. आता गंमत बघा. दुसऱ्या दिवशीचा पोळा, म्हणजे तान्हा पोळा, सुरू केला तो याच दुसऱ्या रघुजींनी, १८०६ मध्ये. खरे बैल लहान मुलांच्या हाती कसे द्यायचे, म्हणून लाकडी बैल. राजाने मुलांना दिलेला सण आणि राणीचा पुतळा, दोन्ही एकाच दिवशी! १८५४ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केलं तरी तान्हा पोळा चालूच राहिला.

बाकाबाईने १८५७ मध्ये इंग्रजांची बाजू घेतली हे खरं. पण म्हाताऱ्या वयात, राज्य आधीच गेलेलं असताना, तिच्या हातात नेमकं होतं काय, हा विचार काही माझा पाठलाग सोडेना. ज्या घराण्याशी माझं काही देणंघेणं नाही, त्याच्या राणीवर मी का ओरडू? अर्थात उमरेडच्या त्या गल्लीत कुणाच्या मनात बाकाबाई नव्हतीच. त्यांच्या मनात डेंग्यू होता, सोयाबीन होतं. हे मला कळलं, पण उशिरा. तोवर फांद्या टाकून लोक घरी परतले होते.

आणि थायलंडशी तुलना करायची तर इथे राणीला जाळूनही कुणाला काही होत नाही. तिथे राजाचा अपमान हा गुन्हा, तीन ते पंधरा वर्षांची कैद. शर्टाची सक्ती नसली तरी अशा हवेत 'नाही' म्हणायला वेगळी हिंमत लागते.

दुपारी आम्ही मैत्रिणीच्या घरी, कोळसा खाणीच्या कॉलनीत आलो. तिचे बाबा वेकोलित आहेत. शेजारी बिहार, तेलंगणा, ओडिशा, कुठकुठचे. संध्याकाळी बेल वाजली. दारात एक छोटा फेटेवाला, दोरीने ओढत आणलेला लाकडी बैल, बैलाच्या गळ्यात झेंडूची माळ. मागे आणखी चारपाच जण रांगेत.

"बोजारा द्या ना जी!"

बोजारा म्हणजे तान्ह्या पोळ्याला दारी आलेल्या नंदीला ओवाळल्यावर मुलांना द्यायचे पैसे. मैत्रीण आणि काकू देवळाकडे गेलेल्या. घरात मी एकटी. पर्समध्ये एक पाचशेची नोट आणि भरपूर यूपीआय. मी फोन दाखवला.

"त्याच्यात काहून देता जी? सुट्टे नाही का?"

मी शेजारच्या दाराची बेल वाजवली. भाभींनी दार उघडलं, माझं तोंड बघितलं आणि न विचारता शोकेसवरचा स्टीलचा डबा पुढे केला. दहादहाची नाणी, काठोकाठ भरलेली. "पंधरा दिन से जमा करती हूँ," त्या हसून म्हणाल्या. मग ओवाळायचं कसं तेही त्यांनीच दाखवलं, आधी बैलाला, मग मुलाला.

भाभी ओडिशाच्या, चौदा वर्षं इथे. पहिल्या वर्षी वर्गणीवाले समजून दार लावून घेतलं होतं म्हणे. दुसऱ्या दिवशी लाज वाटली, कारण त्यांच्याकडेही श्रावणी पौर्णिमेला गाईबैलांची पूजा असते, फक्त लाकडी बैल नसतो. आता त्यांची मुलगी स्वतःचा बैल घेऊन कॉलनीभर फिरते, शाळेत मराठी बोलते. "मग तुम्ही मारबतीला जाता का?" मी विचारलं. "नहीं. वो उनका है. मेरे दरवाजे पे जो आता है, वो मेरा."

मला ते थोडं पटलं, थोडं नाही. मारबत 'त्यांची' राहावी असं आजीला तरी कुठे वाटत होतं? तिने फांदी आपणहून दिली होती. ती नाकारणं हा माझा आदर नव्हता, निव्वळ संकोच होता. पण न बोलावता कॅमेरा घेऊन कुणाच्या मिरवणुकीत पुढे घुसणारे, आणि कपाळाला टिळा लावून सेल्फी काढणारे, त्यांच्यात जाऊन बसायचीही मला भीती वाटत होती. म्हणून पहाटे तोंड मिटलं.

रात्री भावाला विचारलं, शर्ट घातला होतास का शेवटी? म्हणाला, "शेजारच्या टेबलवालीने आणून दिला. नाही म्हणता आलं नाही. तिला बरं वाटलं. राजाचं मला माहीत नाही."

निघताना भाभींना त्यांचे साठ रुपये यूपीआयने द्यायला गेले, तर त्यांनी घेतलेच नाहीत. म्हणाल्या, पुढच्या वर्षी सुट्टे घेऊन या.